परसातला पुदिना : डबा कोणता, माती कोणती, पाणी कोणते



रेडिओवर दहा-बारा मिनिटांत सगळे सांगून होत नाही. ऐकलेली मापेही दुसऱ्या दिवशी ध्यानात राहत नाहीत. म्हणून पुदिन्याची माहिती या पत्रिकेत सविस्तर दिली आहे. आपण वाचावी आणि घरातल्या बायकामाणसांनाही वाचून दाखवावी. परसातली झाडे बहुतेक घरी त्याच सांभाळतात.

पुदिना हे काही पैशाचे पीक नव्हे. दारात डबे ठेवून चार पैसे मिळतील असे आम्ही सांगणार नाही. हे घरच्या गरजेचे झाड आहे. उन्हाळ्यात मठ्ठ्यात चार पाने लागतात, आठवड्यातून एकदोनदा चटणी होते, पाहुणे आले की मसालेभातात मूठभर जातो. एवढ्यासाठी बाजारातून जुडी आणावी, तर निम्मी वापरली जाते आणि निम्मी दुसऱ्या दिवशी काळी पडते. दोन डबे दारात असले म्हणजे हवी तेवढीच पाने खुडता येतात.

मात्र एक गोष्ट पहिल्यापासून मनात ठेवावी. पुदिना आपण बहुधा कच्चा खातो. वांगी शिजतात, पालेभाजी उकळते, तेव्हा निदान रोगजंतू तरी मरतात. पुदिना पाट्यावरून थेट ताटात येतो, आणि पोरं तर जाता-येता पान तोडून तसंच चघळतात. म्हणून डब्यात, मातीत आणि पाण्यात जे असेल त्याचा थोडाफार अंश आपल्या पोटात जाणार, असे धरूनच चालावे. पुदिना जगवणे सोपे आहे. तो निर्धोक ठेवणे हे खरे काम आहे.

१. डब्यातच का लावावा?

तुम्ही म्हणाल, एवढी जमीन असताना डबा कशाला? त्याचे कारण पुदिन्याच्या मुळ्यांत आहे. हराळीच्या काश्या जशा जमिनीखालून पळतात, तशाच पुदिन्याच्याही पळतात. प्रत्येक पेरावर मूळ सुटते आणि नवा फुटवा वर येतो. ओलाव्याची जागा मिळाली तर वर्षभरात तो शेजारची मिरची-कोथिंबीर झाकून टाकतो. मग उपटायला जावे, तर तुटलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. डब्यात लावला की त्याची धाव डब्यापुरतीच राहते.

दुसरा फायदा पाण्याचा. वाफ्यात ओतलेले निम्मे पाणी आजूबाजूला जिरते. डब्यातल्या झाडाला उन्हाळ्यातही दिवसाकाठी तांब्या-दीड तांब्या पाणी पुरते. जिथे मार्चपासून टँकरची वाट पाहावी लागते, तिथे ही गोष्ट लहान नाही.

तिसरा फायदा असा, की डबा उचलून हलवता येतो. ऊन वाढले की सावलीत, पाऊस कोसळू लागला की वळचणीच्या आत.

२. पुदिना कोणता घ्यावा?

पुदिन्याच्या जाती अनेक आहेत. आपल्याला मुख्यतः दोन ओळखता आल्या म्हणजे पुरे.

पहिला स्वयंपाकाचा. त्याचे पान खरबरीत, कडेला दातेरी आणि वास गोडसर असतो. हा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. चटणीला हाच लावावा.

दुसरा तेलाचा. त्याला जपानी पुदिना किंवा मेंथा म्हणतात. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला शेतकरी त्याच्या काश्या जानेवारी-फेब्रुवारीत लावतात, मे-जूनमध्ये पाला कापतात आणि त्यात वाफ सोडून तेल काढतात. लखनौच्या सीमॅप या संस्थेने काढलेला 'कोसी' हा वाण याच जातीचा. त्याच्या तेलात मेंथॉल पुष्कळ असते. औषधे, मलम, दंतमंजन यांना ते लागते. पण या पाल्याची चटणी केली तर ती कडवट लागते आणि जीभ बधिर होते.

ओळख सोपी आहे. पान बोटांत चुरडून नाकाशी धरावे. गोडसर वास आला तर तो चटणीचा. नाकात झिणझिण्या येऊन गार वाटले तर तो तेलाचा. हे गार वाटणेही गमतीचे आहे. पान काही थंड नसते. थंडी कळण्याच्या ज्या नसा असतात त्यांनाच मेंथॉल चाळवते, म्हणून गारवा वाटतो.

बी पेरून पुदिना लावू नये. जवळपासच्या जातींचा संकर सहज होत असल्याने बियांपासून आलेले रोप आईसारखे निघेल याची खात्री नसते. पेपरमिंट ही जात तर मुळातच संकरित आहे आणि तिला उगवणारे बी बहुधा धरतच नाही. म्हणून फांदी किंवा काशीच लावावी.

३. डबा निवडताना

या पत्रिकेतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तो दोनदा वाचावा.

चालणारी भांडी : फुटका माठ, कानाकोपरा गेलेला रांजण, गळकी बादली, मातीची कुंडी, धान्याची जाड गोणी, आणि खाण्याच्या तेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा. तेलाचा डबा उभा ठेवण्यापेक्षा त्याची एक लांब बाजू कापून आडवा ठेवावा. पुदिन्याच्या मुळ्या फार खोल जात नाहीत, त्या आडव्या पसरतात. खोली वीतभर मिळाली आणि तोंड रुंद असले म्हणजे झाले. कापलेली पत्र्याची कड हातोडीने आत वळवावी, नाहीतर पाने खुडताना हात कापतो.

न चालणारी भांडी : कीटकनाशकाचा, तणनाशकाचा किंवा बुरशीनाशकाचा डबा, बाटली अथवा ड्रम, रंगाचा डबा, इंजिन ऑइलचा कॅन, औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी.

पुष्कळ जण म्हणतात, "डबा गरम पाण्यानं, राखेनं तीनदा घासला, आता त्यात काय राहिलं?" तर राहते. औषध प्लॅस्टिकच्या अंगात मुरते. पत्र्याच्या डब्यात ते सांध्यांत आणि झाकणाच्या आट्यांत बसते. वास गेला म्हणजे विष गेले असे होत नाही. औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण असला तरी तो डबा खाण्याच्या झाडाला वापरू नये. पाणी भरायला, धान्याला, पोरांच्या खेळण्याला तर नाहीच नाही.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते विष फवाऱ्यातून अंगात गेले. तेच विष डब्याच्या तळाशी थोडे थोडे उरलेले असते, हे विसरू नये.

मग रिकाम्या डब्याचे काय करायचे? फवारणीच्या वेळीच तो तीनदा विसळावा आणि विसळलेले पाणी पंपाच्या टाकीतच ओतून त्याच पिकावर मारून संपवावे. नंतर डब्याला भोके पाडावीत, म्हणजे दुसरे कोणी तो वापरणार नाही. कीटकनाशकांच्या 1971 च्या नियमांत असे सांगितले आहे की, रिकामे डबे उघड्यावर टाकू नयेत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. जागा विहीर, ओढा आणि तळे यांच्यापासून लांब असावी.

४. माती

डब्यात नुसती काळी माती भरू नये. ओली असताना ती चिकटून बसते, पाणी कोंडते आणि मुळ्या कुजतात. वाळली की तिला भेगा पडतात. त्याऐवजी हे मिश्रण घ्यावे :

पोयट्याची किंवा तांबडी माती — 2 घमेली
चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत — 1 घमेले
वाळू किंवा विटांचा बारीक चुरा — 1 घमेले

शेणखत हाताला भुसभुशीत लागले पाहिजे आणि त्याला शेणाचा वास येता कामा नये. ताजे शेण, कोंबड्यांची ताजी विष्ठा किंवा शेणकाला पुदिन्याला घालू नये. कारण तेच, पान कच्चे खायचे आहे. जिथे फवारणीचा पंप धुतला जातो किंवा औषध कालवले जाते, तिथली मातीही डब्यासाठी उचलू नये.

डब्याच्या बुडाला जाड खिळ्याने सहा-आठ भोके पाडावीत. त्यांवर खापराचे तुकडे उपडे ठेवावेत, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती राहते. वर दोन बोटे जागा सोडून माती भरावी.

५. लावणी

पावसाचा जोर ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर ते फेब्रुवारी, हा काळ लावणीला उत्तम. जून-जुलैमध्येही काडी जगते. एप्रिल-मेमध्ये मात्र नवी लावण करू नये.

शेजाऱ्याकडे पुदिना असेल तर मुळ्या सुटलेल्या काशीचे वीतभर तुकडे आणावेत आणि दोन बोटे खोल आडवे पुरावेत. शेजाऱ्याकडे नसेल तर बाजारच्या जुडीतूनही काम होते. जाड, ताठ आणि न वाळलेल्या काड्या निवडाव्यात. खालची पाने काढून टाकावीत, शेंड्याची चार-सहा ठेवावीत. पेराच्या खाली काप घेऊन काड्या पेलाभर पाण्यात उभ्या कराव्यात. पाणी रोज बदलावे. आठ ते पंधरा दिवसांत पेरावर पांढऱ्या मुळ्या दिसतात. मुळ्या बोटभर झाल्या की काड्या डब्यात लावाव्यात. एका तेलाच्या डब्यात पाच-सहा काड्या पुरतात.

बाजारच्या जुडीवर काय फवारले होते हे आपल्याला माहीत नसते. म्हणून त्या काडीवरची मूळची पाने खाऊ नयेत. काडी रुजून नवीन फूट आली की तीच वापरावी.

६. पाणी

माती ओलसर हवी, चिखल नको. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. कोरडे लागले तर पाणी द्यावे, ओले लागले तर थांबावे. थंडीत एक दिवसाआड पाणी पुरते. कडक उन्हाळ्यात सकाळी एक तांब्या आणि गरज वाटली तर संध्याकाळी अर्धा द्यावा.

पाण्याची टंचाई असेल तेव्हा तांदूळ, डाळ किंवा भाजी धुतलेले पाणी पुदिन्याला घालावे. त्यात काही वाईट नाही. पण कपड्याचे, भांड्याचे किंवा न्हाणीचे साबणाचे पाणी घालू नये. धुण्याच्या सोड्याने डब्यातली माती बिघडते आणि न्हाणीच्या पाण्यातून रोगजंतू पानावर येतात. न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला जाऊ द्यावे. गटाराचे पाणी तर कच्च्या खायच्या कोणत्याच भाजीला नको.

पाणी मुळाशी द्यावे, पानांवर शिंपडत बसू नये. डब्याखाली थाळी ठेवली असेल तर तिच्यात पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

७. जागा

घराच्या पूर्वेची बाजू सर्वांत चांगली. सकाळचे तीन-चार तास ऊन मिळावे आणि दुपारी सावली असावी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्रा तापून मुळ्या भाजतात. तेव्हा डब्याभोवती ओले पोते गुंडाळावे. कोकणात पावसाळ्यात डबा वळचणीच्या आत घ्यावा, नाहीतर मुळ्या कुजतात.

डबा जमिनीवर ठेवण्यापेक्षा दोन विटांवर किंवा ओट्यावर ठेवावा. कोंबड्या माती उकरीत नाहीत, त्यांची घाण पानांवर पडत नाही आणि भोकांतून पाणी नीट निथळते. शेत घराला लागून असेल तर फवारणीच्या दिवशी डबे घरात घ्यावेत किंवा पोत्याने झाकावेत. वाऱ्यावर औषध बरेच लांब येते. फवारणीच्या औषधांची खोली आणि पुदिन्याचा डबा शेजारी-शेजारी नसावेत.

८. खुडणी आणि खत

लावणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी पहिली खुडणी करता येते. नुसती पाने ओरबाडू नयेत. शेंडा दोन-तीन पेरांसह कात्रीने किंवा नखाने खुडावा. खालच्या दोन्ही बाजूंनी नवे फुटवे येतात आणि झाड दाट होते. खुडणी सकाळी करावी, कारण ऊन वाढले की पानातले सुगंधी तेल उडू लागते. फुलाचे तुरे दिसले तर ते लगेच खुडून टाकावेत. फुले आल्यावर पान जून होते आणि चव उतरते.

दर खुडणीनंतर मूठभर गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत बुडाशी घालून माती हलवावी. युरिया घालण्याचा मोह टाळावा. पान मोठे आणि हिरवेगार दिसते खरे, पण ते मऊ पडते, त्यावर मावा लवकर येतो आणि वासही बेताचा राहतो.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, डबा उपडा करावा. आत मुळ्यांची चटई झालेली असते आणि मधला भाग मेलेला असतो. कडेच्या ताज्या काश्या निवडून नव्या मातीत लावाव्यात. उरलेल्या शेजाऱ्यांना द्याव्यात. बांधावर किंवा ओढ्याकाठी मात्र फेकू नयेत, तिथे त्याचे तण होते.

९. रोग आणि किडी

मावा : कोवळ्या शेंड्यांवर दिसतो. पाण्याच्या धारेने धुऊन काढावा. फार असेल तर शेंडे कापून टाकावेत.

लाल कोळी : उन्हाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला येतो. पाने फिकट ठिपक्यांची होतात आणि बारीक जाळी दिसते. पानांची खालची बाजू दोन-तीन दिवस सकाळी पाण्याने धुवावी आणि डबा सावलीत घ्यावा.

तांबेरा : पानांखाली नारिंगी-तपकिरी पूड दिसते. असे झाड जमिनीलगत कापून पाला जाळून टाकावा. नवी फूट निरोगी आली तर ठेवावी. पुन्हा पूड दिसली तर झाड आणि माती दोन्ही बदलावीत.

फवारायचेच झाले तर निंबोळीचा अर्क पुरे. 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, फडक्यातून गाळावे आणि संध्याकाळी शिंपडावे. त्यानंतर ती पाने खाण्यापेक्षा कापून टाकून नव्या फुटीची वाट पाहावी. अर्कासाठी शेतातला पंप वापरू नये. आणि कपाशीच्या किंवा वांग्याच्या फवारणीतले उरलेले औषध "वाया कशाला घालवायचं" म्हणून पुदिन्यावर मारणे म्हणजे आपल्याच ताटात ओतणे होय.

१०. सुगंधासाठी आणि साठवणीसाठी

पाने जास्त झाली तर वाळवावीत. उन्हात नव्हे, सावलीत. उन्हात वाळवला तर पाला काळपट पडतो आणि वास उडून जातो. धुऊन, फडक्यावर पसरून, वारा लागेल अशा जागी तीन-चार दिवस ठेवावा. हातात कुस्करताच चुरा झाला की घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावा. चहात, ताकात आणि चटणीत तो कित्येक महिने चालतो. वाळल्या पानांची पुरचुंडी कपड्यांच्या पेटीत ठेवली तर कपड्यांना वास छान येतो.

खाण्यापूर्वी पाने पिण्याच्या पाण्याने दोन-तीनदा धुवावीत. घरचा पुदिना असला तरी हा नेम सोडू नये.

११. नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

"औषधाच्या डब्यात लावलेला पुदिना वर्षभर खातोय, काही झालं नाही. मग?"
— अशा विषाचा परिणाम लगेच दिसेलच असे नाही. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्याचा धोका जास्त. तो पुदिना आजच खाणे बंद करावे. त्याच्या काश्याही पुन्हा लावू नयेत, दुसरीकडून आणाव्यात. माती आणि डबा दोन्ही वस्तीपासून दूर पुरावीत.

"पुदिन्याचं फूल आणि पुदिन्याचं पान एकच का?"
— नाही. दुकानात पुदिन्याचे फूल म्हणून जे खडे मिळतात ते मेंथॉल असते आणि ते फार तीव्र असते. सर्दी झाली म्हणून ते किंवा त्याचा अर्क तान्ह्या मुलाच्या नाकाला लावू नये. श्वास अडकण्याचा धोका असतो.

"विषबाधेची शंका आली तर?"
— घरगुती उपायात वेळ घालवू नये. ज्या औषधाची शंका असेल त्याचा डबा किंवा त्यावरचा कागद सोबत घेऊन तडक दवाखान्यात जावे. औषध कोणते ते कळले की डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

थोडक्यात ध्यानात ठेवा

डबा खाण्याच्या तेलाचा किंवा मातीचा, औषधाचा कधीही नाही.
खत कुजलेले, माती निचऱ्याची.
पाणी स्वच्छ, बिनसाबणाचे.
सकाळचे ऊन, दुपारची सावली.
शेंडा खुडावा, फूल येऊ देऊ नये.
फवारणीच्या दिवशी डबा झाकावा.
पान धुतल्याशिवाय तोंडात घालू नये, पोरांनाही घालू देऊ नये.

ही पत्रिका स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून ठेवावी. आणि आजच गोठ्यात, माळ्यावर एक फेरी मारून पाहावे, औषधाचा एखादा रिकामा डबा मिठाला, पेंडीला किंवा पाण्याला लावलेला नाही ना. असला तर पुदिना उद्या लावला तरी चालेल, आधी तो डबा बाहेर काढावा.